ढेऱ्या रिकामा परतत नाही

“ताई, विमानाचं तिकीट भाजीसारखं घासाघीस करून मिळतं का हो?”

तिकिटांच्या कार्यालयात भर गर्दीत हा प्रश्न विचारून दाखवायचा, अशी पैज लागली होती. पैज लावणाऱ्या तिघी मैत्रिणी काचेच्या दाराबाहेर नाकं चेपून उभ्या होत्या. विचारणारी भिंगरी आत, काउंटरसमोर. तिच्या पोटात गोळा आला होता. हे मी खात्रीने सांगतो, कारण मी त्याच पोटावर बांधलेला होतो.

मित्रांनो, मी एक जुना बटवा आहे. परदेशी जाणारी माणसं पैसे आणि पासपोर्ट ठेवून कपड्यांच्या आत कमरेला बांधतात ना, तसला. मला सगळे ढेऱ्या म्हणतात. मी पोटभर भरलो की मला बांधणाऱ्याला ढेरी सुटल्यासारखी दिसते, म्हणून.

रांगेतले लोक खो खो हसले. पण काउंटरमागच्या ताई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “तू भाजीला कधी जातेस गं?”

“संध्याकाळी. उठायच्या वेळी भाजीवाला स्वस्त देतो.”

“मग इथे उलटं. भाजी शिळी होते म्हणून तो भाव उतरवतो. आमच्याकडे शेवटी कोण येतो? ज्याला गेल्याशिवाय गत्यंतरच नाही तो. त्याच्याकडून कंपनी जास्त घेते. घासाघीस नाही चालत बाळा, पारख चालते.”

“म्हणजे काय पारखायचं?”

“वार बदलून बघ. वेळ बदलून बघ. किती जणी जाणार ते बघ. मी बघून दिलं असतं, पण रांग बघ केवढी आहे!”

भिंगरी बाहेर आली तेव्हा तिचे कान लालभडक झाले होते. “जिंकले! आणि फुकटात शिकलेसुद्धा!” असं म्हणत तिने अशी गिरकी घेतली, की माझ्या आतली नाणी छनछनली. तुम्हाला सांगतो, गेल्या वर्षीपर्यंत हीच मुलगी दुकानदाराकडे उरलेले सुटे पैसे मागायलासुद्धा दुसऱ्याला पुढे करायची.

पण मी असा मध्येच काय सुरू झालो! आधी माझा जन्म सांगतो. आत्मवृत्तात जन्म पहिला येतो, एवढं मलाही कळतं.

भिंगरीची आई छत्र्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते. तिथे उरलेल्या राखाडी कापडाचा एक तुकडा तिने घरी आणला. आतून पिवळं अस्तर लावलं. बाबांच्या जुन्या पँटची चेन उसवून माझ्या तोंडाला बसवली. हे सगळं कशासाठी? तर भिंगरीची आत्या परिचारिका म्हणून परदेशी निघाली होती. घरातलं पहिलंवहिलं विमान!

शिवून झाल्यावर आईने मला स्वतःच्या कमरेला बांधून पाहिलं. पट्टा अगदी बरोब्बर बसला. मग ती आरशासमोर गेली, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत अशी ऐटीत चालत आली, जणू विमानाचा जिनाच चढतेय.

आत्या म्हणाली, “वहिनी, तूच जा गं! मी इथे पोळ्या लाटते.”

“चल! माझं काय काम तिकडे?” आई म्हणाली. आत्या काडीसारखी बारीक होती. आईने मला सोडलं आणि पट्ट्याचा जास्तीचा तुकडा कात्रीने कापून टाकला. फेकला मात्र नाही. खिडकीचा पडदा बाजूला बांधायला ठेवला. तो आजवर तिथेच होता. माझा सख्खा भाऊच म्हणा ना. मी जग फिरायचो आणि तो पडदा धरून उभा राहायचा.

आत्या पहिल्यांदा रजेवर आली तेव्हा तिने मला परत दिलं. मी जड लागलो म्हणून आईने उघडून पाहिलं, तर आत तिकडची नाणी.

“चहापुरती ठेवलीत,” आत्या म्हणाली. “शेजारणीचं भांडं आपण रिकामं परत करत नाही, मग बटवा कसा करू?”

झालं! तो आमच्या इमारतीचा नियमच झाला. परदेशी निघालेल्या माणसाने ढेऱ्या मागून न्यायचा आणि परत करताना त्यात तिकडच्या एका चहापुरते पैसे ठेवायचे. पुढचा माणूस त्याच देशात उतरला, तर पहिला घोट तरी सुखाने घेईल. आत्या त्या देशात असेपर्यंत दर रजेला मूठभर नाणी टाकत राहिली. मग ती दुसऱ्या देशातल्या रुग्णालयात गेली, आणि ती जुनी नाणी माझ्या तळाशी तशीच राहिली.

काय दिवस होते ते! तिसऱ्या मजल्यावरचे, आत्याइतकेच बारीक वेल्डरकाका मला बांधून गेले, तेव्हा विमानतळावरच्या शिपायाने त्यांच्या पोटाकडे बोट दाखवून विचारलं, “हे काय आहे?” काका म्हणाले, “बायकोचा स्वयंपाक.” मला बाहेर काढून तपासलं, तेव्हा कुठे त्यांना सोडलं. परतताना काकांनी एक नोट आणली. एकावर इतकी शून्यं, की लहानगी भिंगरी जीभ बाहेर काढून ती मोजत बसली. आईने ती नोट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माझ्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि बाबांनी जाहीर केलं, “ही अडीनडीला. हिला कुणी हात लावायचा नाही.” तेव्हापासून आमच्या घरात कशाचीही चणचण भासली, की बाबा माझ्याकडे बघून म्हणायचे, “अगदीच वेळ आली तर ढेऱ्या आहेच.” माझी छाती, म्हणजे माझं पोट, अभिमानाने फुगायचं.

मग कार्डं आली. फोनमधून पैसे द्यायची सोय झाली. मला मागायला कुणी येईना. मी खणात गेलो. तिथे मेणबत्त्यांचे तुकडे होते, संपलेले सेल होते आणि एका मेलेल्या रिमोटचं झाकण होतं. माझी चेन गंजली. मित्रांनो, अंधाराचं मला काही वाटत नाही, कपड्यांच्या आत अंधारच असतो. पण तिथे निदान कुणाचं तरी पोट धडधडत असतं. खणात काहीच धडधडत नाही.

आणि एके दिवशी भिंगरीने खण खसकन उघडला.

बातमी अशी होती. तिच्या शाळेच्या दोरीउड्यांच्या संघाला, चौघी मुली आणि खेळाच्या बाई, परदेशातल्या स्पर्धेचं बोलावणं आलं होतं. देश कुठला? आत्याचा पहिलाच देश! पण शाळेच्या नेहमीच्या एजंटने सांगितलेलं विमानभाडं ऐकून मोठ्या बाईंनी हात टेकले. त्या म्हणाल्या, “शाळा एवढंच देऊ शकते. सोमवारपर्यंत त्यात बसणारी तिकिटं मिळाली तर जा. नाहीतर नाव मागे घेऊ.” दोन वर्षं त्या चौघींनी शाळेच्या गच्चीवर उड्या मारल्या होत्या. खालच्या वर्गातल्या बाई छताकडे बघून रोज ओरडायच्या. ते सगळं एका आकड्यापाशी अडलं होतं.

भिंगरीने मला झटकलं, चेनीला मेण चोळलं आणि कमरेला बांधलं. “ढेऱ्या,” ती म्हणाली, “वेळ आली.”

शनिवारी तिकिटवाल्या ताईंचा किस्सा झाला, तो तुम्ही ऐकलातच. मग ती आणि बाबा चलन बदलून देणाऱ्या दुकानात गेले. दुकानावर भला मोठा फलक: ‘कमिशन शून्य!’ बाबांनी माझ्या आतल्या कप्प्यातून ती शून्यांची नोट काढली आणि दोन्ही हातांनी अशी पुढे केली, जणू मुलगीच सासरी पाठवतायत.

दुकानदाराने ती उजेडात धरली. उलटी केली. मग हळूच म्हणाला, “साहेब, ही तिकडेही बंद झाली. चालत होती तेव्हाही हिच्यात पाव मिळाला असता की नाही, शंका आहे. शून्यं वाढली की भाव वाढतो असं नसतं. चौकटीत लावा, छान दिसेल.”

“आणि ही?” भिंगरीने माझी नाणी पुढे केली.

“नाणी कुठलाच दुकानदार घेत नाही. जड असतात.”

इतकी वर्षं मी पोटात खजिना सांभाळतोय असं समजत होतो! बाबांनी ती नोट पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली. भिंगरी मात्र त्यांचा हात धरून म्हणाली, “बाबा, जाऊ द्या. बंद नोटेच्या जिवावर झोपलो होतो, आता जागे होऊ.” ऐकलंत? चौदा-पंधरा वर्षांची पोर! मीच चाट पडलो.

रविवारी दुपारी ती आणि बाबा स्वयंपाकघरात जुन्या कॉम्प्युटरपुढे बसले. आई शेजारी भाजी निवडत होती. मी टेबलावर होतो. भिंगरीने वार बदलले. वेळा बदलल्या. रविवारऐवजी सोमवारी पहाटे परत यायचं ठरवलं, तर भाडं थोडं खाली आलं, पण पुरेसं नाही. ती पाय आपटत पाणी प्यायला उठली. बाबांनी चष्मा शोधला, खुर्ची ओढली आणि एक एक अक्षर शोधत टाइप करायला लागले.

“अगं, मिळालं!” ते ओरडले. “बसतंय!”

भिंगरी धावत आली. “बाबा! तुम्ही एकाच माणसाचं बघितलंत! आम्ही पाच जणी आहोत!”

“मग गुणिले पाच कर की.”

“केलं की ते...” ती थांबली. तिने बोटांवर हिशेब केला. पुन्हा केला. “बाबा, हे पाचाने गुणूनसुद्धा कमी येतंय! पाच जणींचं एकदम मागितलं तर महाग, आणि एकीचं मागितलं तर स्वस्त. विमान तेच. वेळ तीच. हे कसं?”

“कॉम्प्युटर बिघडला असेल,” बाबा म्हणाले. आमच्या घरात कॉम्प्युटर नेहमीच बिघडलेला असतो.

पण भिंगरी आता ऐकायच्या पलीकडे गेली होती. तिने दोघींचं पाहिलं: स्वस्त. तिघींचं: स्वस्त. चौघींचं पाहिलं आणि भाडं टुणकन वर! तिने टेबलावर अशी थाप मारली, की शेंगा उडाल्या.

“आई! स्वस्त जागा तीनच उरल्यात! चौथी मागितली की ते सगळ्यांनाच महागातलं ताट वाढतात! आम्ही पाच जणी हातात हात घालून उभ्या राहिलो, म्हणूनच लुटलं जातंय!”

“म्हणजे एकीचं बळ वगैरे...” आई म्हणाली.

“ते दोरीवर! तिकिटाला नाही! तीन तिकिटं वेगळी काढायची, दोन वेगळी.”

आईने शेंगा गोळा केल्या, पदराला हात पुसले आणि स्क्रीनकडे वाकून पाहिलं. “यात सामानाचं धरलंय का?”

धरलं नव्हतं. प्रत्येक बॅगेचे पैसे वेगळे होते आणि पाच बॅगा धरल्या तर सगळा डाव पुन्हा फिसकटत होता. भिंगरीचं तोंड एवढंसं झालं.

“पाच कशाला?” आई म्हणाली. “दोऱ्या, बूट आणि चार दिवसांचे कपडे. दोन बॅगांत बसवते मी. छत्र्यांच्या कारखान्यात काम करते बाई, घडी घालणं मला शिकवू नका.”

भिंगरीने लगेच ताईंना फोन लावला. “ताई, काल भाजीचं विचारणारी मी! किती जणी जाणार ते बघ म्हणालात ना? बघितलं! तीन आणि दोन!” पलीकडून ताई इतक्या मोठ्याने हसल्या, की ते टेबलावर मलाही ऐकू आलं. त्यांनी त्या जागा सोमवारी दुपारपर्यंत धरून ठेवल्या.

सोमवारी प्रार्थनेच्या आधीच भिंगरी मोठ्या बाईंच्या खोलीत उभी. मोठ्या बाईंनी आकडा पाहिला. चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला. “हे कुणी शोधलं?”

“मी, बाई. आणि बाबांच्या चुकीने. आणि आईच्या घडीने.”

“जा,” मोठ्या बाई म्हणाल्या. मग हसल्या. “अगं, वर्गात नाही. परदेशी जा.”

मित्रांनो, त्या दिवशी गच्चीवर जो धुडगूस झाला, त्याला दोरीउड्या म्हणता येणार नाही. खालच्या वर्गातल्या बाईसुद्धा ओरडल्या नाहीत.

जेवणाखाण्याचा खर्च चौघींच्या घरच्यांनी मिळून जमवला होता. तो बदलून घ्यायचं काम कुणाकडे आलं, हे सांगायला नकोच. भिंगरी तीन दुकानांत गेली आणि तिन्हीकडे एकच प्रश्न विचारला, “एवढे दिले, तर सगळं वजा जाऊन शेवटी माझ्या हातात किती पडतील?” ‘कमिशन शून्य’वाल्याकडे सगळ्यात कमी पडत होते. त्याने कमिशन फलकावरून काढून भावात लपवलं होतं! ज्याने “थोडं कमिशन घेतो” असं तोंडावर सांगितलं, त्याच्याकडे सगळ्यात जास्त पडले. त्याच्याकडूनच घेतले. त्या कोऱ्या नोटा माझ्या पोटात आल्या आणि कित्येक वर्षांनी मला पुन्हा ढेरी सुटली. मला खेळाच्या बाईंनी बांधलं. त्या मुळात सडसडीत. मुली वाटभर “बाई, थोडं कमी जेवा” म्हणून चिडवत होत्या.

विमान उतरलं. स्पर्धेची नोंदणी संध्याकाळी बंद होणार होती आणि त्या गावाला जाणारी बस विमानतळाच्या दारातच उभी होती. तिकीट मात्र यंत्रातून काढायचं. बाईंनी नोट सरकवली. यंत्राने ती तोंडात घेतली आणि थुंकली. दुसरी दिली, तीही थुंकली. कार्ड घालायला भोकच नव्हतं. तिथल्या एका माणसाने खुणेने सांगितलं: फक्त नाणी. समोरची टपरी बंद. चलनाची खिडकी बंद. बसचा चालक घड्याळ बघत होता.

“आता गं काय करायचं?” बाई यंत्राला थोपटत म्हणाल्या. “नोंदणी चुकली तर...”

भिंगरीने बाईंकडे पाहिलं. मग बाईंच्या पोटाकडे पाहिलं.

“बाई,” ती किंचाळली, “ढेऱ्या! ढेऱ्या काढा!”

नोटा वर, पासपोर्ट वर आणि सगळ्यात खाली, पिवळ्या अस्तराच्या कोपऱ्यात, आत्याची नाणी! ज्यांना दुकानदार जड म्हणाला होता, तीच. भिंगरी एकेक नाणं यंत्रात टाकत गेली आणि मी जीव मुठीत धरून ऐकत राहिलो. खण्ण. खण्ण. एकही परत आलं नाही. एक तिकीट निघालं. दुसरं. तिसरं. मैत्रिणी प्रत्येक तिकिटाला टाळ्या पिटत होत्या. पाचवं तिकीट बाहेर आलं, तेव्हा माझ्या पोटात आत्याचं एकच नाणं उरलं होतं.

बसमध्ये बाईंनी मला कपड्यांच्या आत बांधलंच नाही. वरून बांधलं, सगळ्यांना दिसेल असं. आयुष्यात पहिल्यांदा मी खिडकीतून परदेश पाहिला!

दुसऱ्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी बाईंनी कार्डाने पैसे द्यायला घेतले, तर यंत्राने विचारलं: तुमच्या देशाच्या चलनात घेऊ की इथल्या? बाई म्हणाल्या, “आपलंच बरं, कळतं तरी.” भिंगरी म्हणाली, “बाई, कळायचेच तर जास्त पैसे लावतात! इथलं दाबा.” बाईंनी मुकाट्याने इथलं दाबलं. आता त्या तिच्याकडे विद्यार्थिनी म्हणून नाही, अर्थमंत्री म्हणून बघत होत्या.

आणि स्पर्धा? दोन दोऱ्यांच्या प्रकारात, जिथे दोघी फिरवतात आणि दोघी मध्ये उड्या मारतात, आमच्या मुली अशा काही उडाल्या, की दोऱ्या दिसेनाशा झाल्या. फक्त हवेचा आवाज! बाई मैदानाच्या कडेला त्यांच्याबरोबर उड्या मारत होत्या आणि बाईंबरोबर मी. निकाल लागला. पहिल्या! एका दोरीत पाचव्या आल्या, ते त्यांनी घरी कुणाला फारसं सांगितलं नाही. मीही नाही सांगत.

परत आलो तेव्हा दारात सगळी इमारत. वेल्डरकाकांनी मला हातात घेऊन विचारलं, “काय ढेऱ्या, माझी नोट कामाला आली का?” बाबांनी ती चौकटीत लावली आहे. तिच्यावर हात ठेवून ते पाहुण्यांना शून्यांची गोष्ट सांगतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही असा एखादा खण असेल. त्यात माझ्यासारखं कुणी गंजत पडलं असेल. त्याला फेकू नका, पण नुसतं जपूनही ठेवू नका. जपून ठेवलेल्या नोटेचं काय झालं ते पाहिलंत ना? त्याची चेन उघडा, मेण लावा, कुणाच्या तरी पोटाला बांधा. वापर हीच आमची काळजी. आणि परत करताना रिकामं करू नका.

नियमाप्रमाणे भिंगरीने त्या एका नाण्यात आणखी मूठभर नाणी टाकली. मग ती आईकडे वळली आणि काही न बोलता मला तिच्या कमरेला बांधायला लागली.

“अगं, काय करतेस? तो पुरतोय का मला!” आई म्हणाली. खरंच, पट्ट्याची दोन टोकं एकमेकांना भेटत नव्हती. “आत्याच्या मापाचा आहे तो.”

भिंगरी खिडकीपाशी गेली. तिने पडद्याची गाठ सोडली. पडदा सरकन पडला आणि इतकी वर्षं तिथे उभा असलेला माझा भाऊ तिच्या हातात आला. उन्हाने विटलेला, पण माझ्याच रंगाचा. तिने तो आईच्या हातात ठेवला, सुई-दोऱ्याचा डबा समोर आणून आदळला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“आई, बाबा, मी ठरवलंय. पुढच्या सुट्टीत तुम्ही दोघं आत्याकडे जाताय. मी आजपासून भाव बघायला लागलेय. दोघंच आहात, दोन स्वस्त जागा कुठेही मिळतील. ज्या दिवशी भाव उतरेल, त्या दिवशी मी तुम्हाला विचारणार नाही, फक्त सांगणार. बाबा, तुम्ही पासपोर्टचे फोटो काढून या. आणि आई, तू पट्टा जोडायला घे. माझं काय काम तिकडे, असं या वेळी म्हणायचं नाही!”